रिकामी टाकी कधी रिकामी झाली?

आज या सदरात अवकल समीकरणं पायऱ्यांनी सोडवण्याच्या रुंग-कुट्टा पद्धतीची पाळी होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण पुंडलिकनगरातल्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे आणि तो डोक्यातून जात नाही.

त्यांच्या गच्चीवरच्या टाकीत गढूळ पाणी चढलं होतं. (आपल्या शहरात भरलेली टाकी हौसेने कोण सोडून देतो!) तळाचा व्हॉल्व्ह सरळ गच्चीवरच उघडला. पहिली अर्धी टाकी भराभर गेली, उरलेल्या अर्धीने मात्र जीव खाल्ला. ‘भोकात गाळ अडकला असेल का?’

गाळाला उगीच दोष नको. तोरिचेल्लीने १६४४ सालीच छापून ठेवलं आहे की भोकातून पडणाऱ्या धारेचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची पाव झाली की वेग निम्मा. समजा, पाणी १०० सेंटिमीटर आहे आणि टाकी तासाभरात रिकामी होते. मग अवकल समीकरण असं येतं: पातळी दर मिनिटाला जितके सेंटिमीटर उतरते तो आकडा म्हणजे उंचीचं वर्गमूळ भागिले ३. भरलेल्या टाकीत हा वेग ३.३३, पाण्याची उंची २५ उरली की १.६७. अचूक उत्तर काढलं तर अर्धी टाकी साडेसतरा मिनिटांत जाते, पाऊण टाकी अर्ध्या तासात, आणि शेवटची पाव टाकी उरलेला सगळा अर्धा तास खाते.

आता हेच ऑयलरच्या पायऱ्यांनी करू, म्हणजे पायरीच्या सुरुवातीचा वेग पूर्ण पायरीभर तसाच धरू. नाथसागर जलाशयात येणाऱ्या पाण्याला आपण मागे एकेका दिवसाची पायरी घेतली होती: ११,५७४ क्युसेक दिवसभर चालू राहिले, की एक टीएमसी. इथे पायरी दहा मिनिटांची. उंची येते ६६.७, ३९.५, १८.५, ४.२. खरे आकडे ६९.४, ४४.४, २५ आणि ११.१. ऑयलर दर वेळी खालीच राहतो, कारण पायरीच्या सुरुवातीचा, म्हणजे सर्वांत जास्त वेग तो पूर्ण दहा मिनिटांना लावतो. पाचवी पायरी टाकली, की उत्तर येतं उणे २.६. टाकीत ‘नाही’पेक्षाही कमी पाणी! सहाव्या पायरीला उणे संख्येचं वर्गमूळ मागितलं जातं आणि संगणक हात वर करतो.

पायरी पाच मिनिटांची केली तर अर्ध्या तासापाशी साडेसहा सेंटिमीटरची चूक तीनवर येते. पण तळाशी सुटका नाही. पायरी एक मिनिटाची घ्या, सेकंदाची घ्या. पाणी पुरेसं खाली गेलं की पुढची उडी शून्याच्या पलीकडे पडते. प्रोग्राम लिहिणारे मग एक ओळ घुसडतात, की उत्तर उणे आलं तर शून्य धरा. काम भागतं, पण मला ती ओळ आवडत नाही. खोड समीकरणाची, आणि ठिगळ पद्धतीला.

ती खोड बघायची तर घड्याळ उलटं फिरवा. आत्ता पाणी २५ सेंटिमीटर आहे असं कळलं, तर टाकी अर्ध्या तासापूर्वी भरलेली होती हे ठामपणे सांगता येतं. पण आत्ता टाकी रिकामी असेल तर? शून्याचं वर्गमूळ शून्य, वेग शून्य. ऑयलर एक पायरी मागे जातो, रिकामी. दुसरी पायरी, रिकामी. त्याच्या मते ही टाकी जन्मापासून कोरडी आहे! प्रत्यक्षात ती तासापूर्वी संपली असेल, पहाटे संपली असेल, नाहीतर परवा. या सगळ्या कहाण्या त्याच समीकरणात चोख बसतात. लिप्शिट्झ या जर्मन गणितज्ञाच्या नावाची एक अट आहे. ती पाळली गेली, तर एका स्थितीतून एकच मार्ग जातो. शून्यापाशी वर्गमुळाचा चढ बेसुमार वाढतो आणि ती अट मोडते. तिथे बारीक पायऱ्या कामाच्या नाहीत, रुंग-कुट्टाही नाहीत. कारण टाकी कधी संपली ही माहितीच समीकरणात उरलेली नसते. नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या सोसायटीत ‘टाकी कुणी आणि कधी संपवली’ हे भांडण पेटलंच, तर गणिताला साक्षीला बोलावू नका.

घड्याळ सुलट ठेवलं तर मात्र एक सुंदर वाट आहे. उंची मोजण्याऐवजी उंचीचं वर्गमूळच मोजा. ते १० पासून सुरू होतं आणि दर मिनिटाला बरोबर एक षष्ठांशाने उतरतं, सरळ रेषेत. मग ऑयलरची साठ मिनिटांची एकच पायरीसुद्धा चुकत नाही. योग्य राशी निवडणं ही मला पद्धत निवडण्यापेक्षा मोठी कला वाटते, पण पाठ्यपुस्तकं त्यावर फारशी रेंगाळत नाहीत.

खऱ्या टाकीत अगदी शेवटी भोवरा होतो, हवा शिरते आणि तोरिचेल्लीचा नियमही सुटतो. ते वेगळंच प्रकरण.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. तोटी टाकीच्या बुडापासून सहा मीटर खाली, तळमजल्यावर आहे. नळातलं घर्षण सोडून द्या. वर्गमूळ आता ७०० पासून ६०० पर्यंतच्या आकड्यांचं घ्यायचं. वेग शेवटपर्यंत कितीसा घटतो आणि ऑयलरची चूक किती उरते, हे करून पाहा. उत्तर रुंग-कुट्टाबरोबर देईन.