रस्त्याखालची नऊ वर्षे : मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या कामाचा मागोवा

भुयारी मेट्रोच्या कामात बोगद्यामुळे रस्ता फारसा अडत नाही. बोगदा खणणारे यंत्र, म्हणजे टीबीएम, वीस-पंचवीस मीटर खोलीवर रोज काही मीटर पुढे सरकत असते आणि वरून बस जाते, हातगाडी उभी राहते, मुले शाळेत जातात. रस्ता अडतो तो स्थानकांमुळे. स्थानक म्हणजे दोनशे मीटरहून लांब आणि अनेक मजले खोल असा काँक्रीटचा पेटारा. तो बहुतेक ठिकाणी वरूनच खणत खाली न्यावा लागतो आणि दाट वस्तीच्या शहरात त्यासाठी सलग मोकळी जागा मिळते ती रस्त्याचीच. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या मार्गावर, म्हणजे मेट्रो-३ वर, २०१६ पासून २०२५ पर्यंत जे घडले ते समजून घेताना हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

भारताला हा अनुभव नवा नव्हता. कोलकात्याच्या मेट्रोची पायाभरणी २९ डिसेंबर १९७२ रोजी झाली. तिथला बहुतेक मार्गच वरून खणून आणि पुन्हा झाकून बांधला गेला. ढालयंत्राने खणलेला बोगदा बेलगाछिया-श्यामबाजार भागापुरता मर्यादित होता. त्यामुळे स्थानकांबरोबर दोन स्थानकांमधला रस्ताही उकरला गेला. एस्प्लनेड ते भवानीपूर हा पहिला टप्पा २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाला आणि दमदम ते टॉलीगंज सलग गाडी धावायला १९९५ साल उजाडले. शहराच्या मुख्य रस्त्यांवर एक पिढी खड्ड्यांच्या कडेने चालत मोठी झाली. त्यानंतर आखलेल्या भुयारी मार्गांनी दोन स्थानकांमधले खणणे यंत्राकडे सोपवले, ते योग्यच झाले. स्थानकाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मेट्रो-३ चा मार्ग ३३.५ किलोमीटरचा. त्यावर २७ स्थानके असून आरेचे एक सोडले तर बाकीची २६ जमिनीखाली आहेत. केंद्र आणि राज्य सरकारची समान भागीदारी असलेल्या मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये सात भागांत बांधकामाची कंत्राटे दिली. त्यानंतर काही महिन्यांतच शहरात उंच पत्र्यांचे कुंपण उभे राहू लागले. चर्चगेटजवळचा जमशेटजी टाटा रोड, हुतात्मा चौक ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा दादाभाई नौरोजी रोड, गिरगावातला जगन्नाथ शंकरशेट रोड, वरळीचा डॉ. ॲनी बेझंट रोड, दादरचा गोखले रोड, माहीमचा लेडी जमशेटजी रोड : शहराच्या दक्षिणोत्तर वाहतुकीच्या याच शिरा आहेत. एकाच वेळी या सगळ्यांची रुंदी कमी झाली. समुद्र आणि रेल्वेमार्ग यांच्यामध्ये सापडलेल्या या चिंचोळ्या शहरात वाहतूक वळवायची म्हटली तरी समांतर रस्ते मोजकेच. एकावरचा भार दुसऱ्यावर टाकला की दुसराही तुंबतो. कुठे एकेरी वाहतूक झाली, कुठे बसथांबे हलले, कुठे पत्रा आणि दुकान यांच्यामध्ये माणूसभर वाट उरली.

पत्रे लागले म्हणजे लगेच खड्डा पडतो असे नाही. आधी जमिनीखाली काय आहे ते शोधावे लागते. जलवाहिन्या, मलनिःसारणाच्या वाहिन्या, पर्जन्यवाहिन्या, वीज आणि टेलिफोनच्या केबल, गॅसच्या नळ्या : हे सारे स्थानकाच्या जागेतून बाजूला हलवल्याशिवाय खणता येत नाही. मुंबईच्या जुन्या भागांत यातल्या काही वाहिन्या ब्रिटिश काळातल्या आहेत, आणि कागदावरचा नकाशा व प्रत्यक्ष जमीन यांचा मेळ बसेलच असे नाही. म्हणून आधी आडवे चर खणून वाहिन्या हाताने शोधल्या जातात, मग एकेक करून वळवल्या जातात. महिनोन्‌महिने चालणारे हे काम बाहेरून पाहणाऱ्याला काहीच चालले नसल्यासारखे वाटते. ‘पत्रे लावून ठेवलेत आणि आत कोणी नाही’ ही तक्रार बहुधा याच टप्प्यातली असते.

त्यानंतर खड्ड्याच्या कडेने एकमेकांत गुंतलेल्या काँक्रीटच्या खांबांची भिंत उभी केली जाते, म्हणजे शेजारची माती आणि इमारती आत सरकत नाहीत. मग खणणे. काही स्थानकांवर खड्ड्यावर पोलादी तुळया आणि पाट्या टाकून तात्पुरता रस्ता केला गेला. खाली खोदकाम आणि वर वाहने, अशी ही सोय. ती खर्चिक असते, तिच्या उभारणीसाठीच काही काळ रस्ता बंद ठेवावा लागतो, आणि तिच्यावरून जाताना पाट्यांचा खडखडाट आजूबाजूच्या घरांत रात्रंदिवस ऐकू येतो. तरीही अरुंद मुंबईत हा उपाय आणखी सढळपणे वापरायला हवा होता.

२६ पैकी १९ स्थानके अशी वरून खणून बांधली गेली. उरलेल्या सातांपैकी गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक आणि शितलादेवीसारख्या ठिकाणी वरून पूर्ण पेटी बसेल इतका रस्ताच नव्हता. तिथे बाजूला एक विहीर खणून, खालून खडक थोडा थोडा फोडत आणि लगेच काँक्रीटचा थर फवारत स्थानकाची पोकळी मोठी केली गेली. या पद्धतीत रस्ता बराच वाचतो, पण विहिरीसाठी आणि जिन्यांसाठी जागा लागतेच. गिरगाव-काळबादेवीत ती जुन्या उपकरप्राप्त इमारतींची होती. चाळीतली कुटुंबे आणि तळमजल्यावरची दुकाने हलवावी लागली. मोठ्या विरोधानंतर त्यांचे पुनर्वसन त्याच परिसरात नव्या इमारतींमध्ये करण्याचे ठरले. मात्र ज्यांचे दुकान पाडले गेले नाही, फक्त त्यासमोर वर्षानुवर्षे पत्रा उभा राहिला, त्यांचे नुकसान पुनर्वसनाच्या व्याख्येत बसत नाही. गिऱ्हाईक समोरच्या फुटपाथवर येते, वाट दिसत नाही, परत जाते. हे नुकसान कुठल्याही पंचनाम्यात नसते. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय तो हाच.

टीबीएम जमिनीत उतरवण्यासाठीही मोठ्या विहिरी लागतात, आणि इथे रस्त्यांऐवजी मैदानांनी भार उचलला. आझाद मैदानाचा एक भाग, प्रभादेवीचे नार्दुल्ला टँक मैदान, मरोळचे पाली मैदान, माहीमचे नया नगर इथे या विहिरी झाल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये नया नगरला पहिले यंत्र उतरवण्यास सुरुवात झाली. मार्गावर एकूण १७ यंत्रे वापरली गेली आणि त्यांना कृष्णा, गोदावरी, वैतरणा, तापी, वैनगंगा अशी महाराष्ट्रातल्या नद्यांची नावे दिली गेली. पहिला भुयारी टप्पा सप्टेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळाजवळ पूर्ण झाला. मिठी नदीखालून बोगदे गेले, तसेच शंभर-सव्वाशे वर्षे जुन्या इमारतींखालून आणि शेजारूनही गेले. तरी त्या काळात शहराला त्रास झाला तो बहुतांशी यंत्र उतरवण्याच्या आणि दगडमाती वर काढण्याच्या जागांपाशीच.

ही दगडमाती नेण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. दक्षिण मुंबईत दिवसा अवजड वाहनांवर निर्बंध असतात, म्हणून डंपर रात्री चालवणे सोयीचे. पण रात्री डंपर आणि यंत्रे चालली की शेजारच्यांची झोप जाते. कफ परेडच्या रहिवाशाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तिथले रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतचे काम थांबवले. बंदी वर्षभर टिकली. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या कामाला परवानगी दिली. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. रात्रीचे काम थांबले तर पत्रे अधिक काळ राहतात, आणि चालू राहिले तर एका वस्तीला वर्षानुवर्षे झोप मिळत नाही. शहरभराच्या सोयीचा भार मूठभर गल्ल्यांवर पडतो तेव्हा निदान आवाज मोजणे आणि त्याला मर्यादा घालणे हे काम सुरू होण्याआधीच ठरलेले असावे. इथे ते याचिकेनंतर ठरले.

झाडांचेही तसेच झाले. रस्त्याकडेची मोठी झाडे तोडण्याला फेब्रुवारी २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि मे महिन्यात ती उठवली. पुनर्लागवडीच्या हमीवर देखरेख ठेवण्याची व्यवस्थाही केली. चर्चगेट आणि कफ परेडच्या रस्त्यांवरची सावली त्यानंतर गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये दादाभाई नौरोजी रोडवरील जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट या वारसा इमारतीच्या दर्शनी भागाचा तुकडा निखळला आणि तिथले काम काही काळ थांबले. कंपनांचे मोजमाप तज्ज्ञांकडून करून घेण्यात आले. प्रिन्सेस स्ट्रीट परिसरातील पारशी अग्निमंदिरांजवळून जाणाऱ्या बोगद्याचा वाद २०१८ मध्ये न्यायालयात गेला आणि अखेर बोगदा ठरल्या मार्गानेच पुढे गेला.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, पण मजूर गावी गेल्याने या मोकळ्या रस्त्यांचा पुरता फायदा उठवता आला नाही. कारशेडचा वादही याच काळातला. आरेतली दोन हजारांवर झाडे ऑक्टोबर २०१९ मध्ये तोडली गेली, सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली, पुढे कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला आणि २०२२ मध्ये ते पुन्हा आरेत आले. या वादात कोणाची बाजू बरोबर होती हा वेगळा विषय आहे. गाड्या ठेवायला आणि तपासायला आगार नसताना तयार होत आलेल्या मार्गाचाही उपयोग नव्हता, आणि मार्ग सुरू होण्याची वाट पाहणाऱ्यांत पत्र्याशेजारी राहणारेही होते.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी महालक्ष्मी येथे ४२ वा आणि अखेरचा भुयारी टप्पा पूर्ण झाला. म्हणजे खणणे संपले. रस्ता मोकळा होण्याला मात्र आणखी बराच काळ लागला, कारण स्थानकाचे छत टाकून, त्यावर भराव घालून, वाहिन्या पुन्हा जागेवर आणून मगच डांबर किंवा काँक्रीट करता येते. जिने, लिफ्ट आणि वायुवीजनाच्या कोठ्या तर फुटपाथवरच येतात. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ७ ऑक्टोबर २०२४ पासून प्रवाशांसाठी खुला झाला, वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा दुसरा मे २०२५ मध्ये. त्या महिन्याच्या २६ तारखेला मोठ्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. ते आले बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशद्वाराच्या बाजूने, तात्पुरती भिंत कोसळून. गाडी सुरू झाली होती, रस्त्यावरचे काम अजून बाकी होते. या दोन गोष्टींमधल्या अंतराचा असा फटका बसला.

कफ परेडपर्यंतचा अखेरचा टप्पा ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन दुसऱ्या दिवशी सुरू झाला. २३,१३६ कोटींचा प्रकल्प तोवर ३७,२७६ कोटींवर गेला होता.

पुण्यातही याच काळात भुयारी मेट्रो झाली. कृषी महाविद्यालय आणि स्वारगेट इथल्या मोकळ्या जागांतून यंत्रे उतरवून बोगदे जुन्या पेठांखालून नेले, मंडईचे स्थानकही गल्लीत न घालता मोकळ्या जागेवर घेतले, त्यामुळे पेठांचे रस्ते बरेचसे वाचले. शिवाजीनगरला मात्र एसटी स्थानकाची जागा घ्यावी लागली. ते स्थानक २०१९ च्या अखेरीस तात्पुरते म्हणून वाकडेवाडीला हलवले गेले. शिवाजीनगरहून मेट्रो १ ऑगस्ट २०२३ पासून धावू लागली. एसटीच्या गाड्या त्यानंतरही वाकडेवाडीहूनच सुटत राहिल्या.