लॅपटॉपवर लख्ख, टीव्हीवर काळोख!

सोलापूरकराला संक्रांत म्हटलं की तिळगुळाआधी गड्डा आठवतो. आमच्या घरात तर गड्डा म्हणजे आजोबांची पांढरीशुभ्र बाराबंदी. १९९४च्या सिद्धेश्वर यात्रेची आमच्याकडे एक व्हीएचएस कॅसेट आहे. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि रात्रीच्या गर्दीत चालणारे आजोबा. त्यांचं हलतं-बोलतं चित्र एवढं एकच. कॅसेटला बुरशी लागायच्या आत मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. लॅपटॉपवर सगळं झकास दिसलं.

मग रविवारी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, एचडीएमआय केबल लावली आणि... टीव्हीवर नुसता काळोख! बाराबंद्या चमकतायत, पण वरचे चेहरे गायब. आजी चष्मा पुसत म्हणाली, ‘‘अगं, ह्यात तुझे आजोबा कुठायत?’’

मी काय केलं? तुम्ही कराल तेच. एडिटिंग सॉफ्टवेअर उघडलं आणि ब्राइटनेस वर ढकलला. चेहरे जरा उजळले, पण बाराबंदीच्या चुण्या पार पुसल्या गेल्या. शिवाय लॅपटॉपवर तेच चित्र आता फिकट! नशीब, मूळ फाइल वेगळी ठेवली होती.

मग जरा डोकं चालवलं. तीच मूळ फाइल पेन ड्राइव्हवर टाकून थेट टीव्हीला लावली. चेहरे दिसले! म्हणजे फाइल ठणठणीत, घोळ लॅपटॉप आणि टीव्हीच्या मधला.

तो घोळ असा. साध्या ८ बिट व्हिडिओत उजेड ० ते २५५ या आकड्यांत मोजतात. कॉम्प्युटर ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरतो. टीव्हीच्या दुनियेत मात्र काळा १६वर आणि पांढरा २३५वर. माझा लॅपटॉप पूर्ण रेंज पाठवत होता आणि टीव्ही १६ ते २३५ धरून बसला होता. मग १६च्या खालचं सगळं काळंकुट्ट, २३५च्या वरचं सगळं पांढरंफेक. उलट झालं असतं, तर चित्र धुरकट दिसलं असतं.

उपाय पाच मिनिटांचा. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ अशी रेंज निवडता येते. टीव्हीत हाच पर्याय बहुधा ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ नावाने असतो. दोन्हीकडे एकच भाषा ठेवा, बस्स! टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोडही बंद करा. तो दुकानातल्या झगमगाटात उठून दिसण्यासाठी असतो. घरी ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ बरा. आणि लॅपटॉपवर चित्र पारखताना ऑटो-ब्राइटनेस आणि नाइट लाइट बंद हवेत, नाहीतर तुमचा डोळाच फसतो. एवढं करूनही दोन स्क्रीन हुबेहूब जुळणार नाहीत. पण चेहरा ओळखू यायला हवा, एवढं तरी जमतंच.

आणि हो, हे सगळं तपासल्याशिवाय फाइलला हात लावू नका. एकदा पुसलेल्या चुण्या परत येत नाहीत.

संध्याकाळी पडदे ओढून पुन्हा व्हिडिओ लावला. आजी सोफ्यावरून उठून टीव्हीजवळ गेली.

‘‘हे बघ, अनवाणीच चाललेत,’’ ती म्हणाली. ‘‘थंडीत चप्पल घाला म्हटलं, तर ऐकतील तर शप्पथ!’’