कमरेला बांधलेला माग

गोधडीचा दर कसा ठरवायचा, असं गटातल्या बायका आम्हाला नेहमी विचारतात. आज याच प्रश्नाशी झगडणाऱ्या दूरदेशीच्या बायकांबद्दल बोलू. देश ग्वाटेमाला, मेक्सिकोला लागून. तिथल्या डोंगराळ भागात माया लोक राहतात. मका हे त्यांचं पीक, मक्याची भाकरी रोजचं खाणं, आणि विणकाम बहुतेक बायकांच्या हातात.

त्यांचा माग बघण्यासारखा आहे. त्याला ना खड्डा लागतो, ना चौकट. काही काठ्या आणि दोरी, एवढंच. एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचं आणि दुसऱ्या टोकाचा पट्टा आपल्या कमरेमागून घ्यायचा. बाई मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे झुकली की सैल पडतो. म्हणजे बाईचं अंगच मागाचा अर्धा भाग! चुलीवरचं उतू जायला लागलं की माग गुंडाळून ठेवता येतो. आपल्या नागालँड-मणिपूरच्या बायकाही अशाच कमरेच्या मागावर विणतात.

हात पोचतील तेवढाच पट्टा विणता येतो. म्हणून दोन-तीन पट्टे जोडून त्यांचा पोलका शिवतात. त्याला म्हणतात विपील. गावागावाची नक्षी आणि रंग वेगळे, त्यामुळे विपील बघून बाई कुठल्या गावची ते कळतं. भरगच्च नक्षीच्या एका विपीलला काही महिने लागतात, कारण विणकाम होतं ते स्वयंपाक, पाणी, शेत, लेकरं सांभाळून उरलेल्या वेळात.

आणि घोळ होतो तो इथेच. घरातल्या बाईचा वेळ कुणी मोजत नाही. दलाल सुताची किंमत धरतो, वर थोडे पैसे ठेवतो. घरात औषधाला पैसे नसतील तर बाई तेवढ्यावरही देऊन टाकते. अडलेल्या बाईचा भाव नेहमी दुसराच ठरवतो, हे आपल्याला नवं नाही.

त्यात तिथे १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं यादवी चालली. सुमारे दोन लाख माणसं मेली किंवा नाहीशी झाली, त्यांत बहुसंख्य माया. ओळखू येऊ नये म्हणून कित्येक बायकांनी आपल्या गावचा विपील घालणं सोडलं. घरचा कर्ता गेलेला, शेत गेलेलं, हातात उरला तो माग. अशा बायकांनी १९८८ मध्ये केत्साल्तेनांगो शहरात ‘त्रामा तेक्स्तिलेस’ ही संस्था उभी केली. मालकी विणणाऱ्या बायकांचीच. पाच भागांतले १७ गट, मिळून सुमारे ४०० जणी.

अशा संस्था आपला माल न्याय्य व्यापाराच्या रीतीने विकतात. हे दान नव्हे, हे आधी लक्षात घ्या. खरेदीदार विणकरणींशी बोलून दर ठरवतो आणि त्यात तिचा वेळ धरतो. जागतिक न्याय्य व्यापार संघटनेच्या नियमाप्रमाणे हस्तकलेच्या वस्तूंसाठी मागितल्यास निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते. आम्हाला यातली आगाऊ रक्कमच सगळ्यात मोलाची वाटते. सूत रोखीने घेता आलं की सावकाराचं आणि दलालाचं दार टळतं.

पण सगळं गोड नाही. परदेशी गिऱ्हाइकाला टेबलावरची पट्टी हवी, पिशवी हवी, रंगही फिके हवेत. मागणी आटली की माग थांबतो. २०२० मध्ये प्रवासी येणं बंद झालं तेव्हा तेच झालं.

दुसरं दुखणं नकलेचं. त्यांची नक्षी यंत्रावर छापून स्वस्तात विकतात. पिढ्यान्‌पिढ्यांची नक्षी, आणि पैसा भलत्याच्या खिशात. म्हणून ‘आफेदेस’ या बायकांच्या संघटनेच्या पुढाकाराने विणकरणी २०१६ मध्ये थेट देशाच्या संविधान न्यायालयात गेल्या. नक्षीवर एका कुणाची नाही, सगळ्या गावाची मालकी आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी न्यायालयाने संसदेला असा कायदा करण्याचं आवाहन केलं. घरात बसून विणणाऱ्या बायकांनी इथवर मजल मारली, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं.

पुढच्या वेळी आपण गोधडीचाच हिशेब मांडू. तोवर एक करा. दोऱ्याच्या, कापडाच्या पावत्या जपून ठेवा, आणि गोधडी घेऊन रोज किती वेळ बसलात ते वहीत लिहा. दुपारचा तासभरही सोडू नका.