मुक्तांबाळपुरम : राज्य गेले, पंगत राहिली

तंजावरहून पट्टुक्कोट्टैची बस पकडली की भाताची खाचरे आणि नारळाच्या बागा मागे टाकत ती तासाभराच्या आत ओरत्तनाडूला पोचते. गाव तालुक्याचे. बाजार, शाळा, कचेरी, दुचाक्यांची गर्दी, सगळे चारचौघांसारखेच. मराठी पर्यटक बृहदीश्वराचे देऊळ आणि सरस्वती महाल ग्रंथालय उरकून कुंभकोणमची वाट धरतो, दक्षिणेला इकडे सहसा फिरकत नाही. पण भोसल्यांच्या तंजावरचे शेवटचे राजकारण ज्या जागी घडले त्यांतली एक इथे आहे, आणि ती किल्ला नाही की तोफखाना नाही. ते आहे एक अन्नछत्र. जुन्या कागदांत या गावालाच मुक्तांबाळपुरम म्हटले आहे, ते या छत्रावरून.

मुक्तांबाळ ही दुसऱ्या सरफोजीराजांची आवडती. यमुनाबाई आणि अहल्याबाई या त्यांच्या लग्नाच्या राण्या. मुक्तांबाळला ते स्थान नव्हते. आपल्या नावाने एक छत्र व्हावे असे तिने अखेरच्या घडीला मागून घेतले, अशी आठवण सांगतात. १८०२च्या सुमारास छत्र उभे राहिले. जागा मोक्याची होती, कारण हा रस्ता रामेश्वरचा. काशीहून निघालेला यात्रेकरू तंजावर ओलांडून समुद्राकडे निघाला की याच वाटेवर त्याला सावली लागे. इमारतीच्या दगडी जोत्यावर घोडे आणि हत्ती कोरलेले आहेत, जणू अख्खी वास्तू ओढून नेणार आहेत. आत चौक, ओसऱ्या आणि खांब. डागडुजीची गरज मात्र सांगावी लागत नाही, ती दिसते.

एवढे मोठे छत्र बांधताना राजाकडे राज्य होते का? तसे पाहिले तर नव्हते. २५ ऑक्टोबर १७९९च्या तहाने सरफोजींनी तंजावरचा सारा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला होता. त्यांच्याकडे उरला किल्ला आणि आसपासचा टापू, शिवाय वर्षाला १ लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. फौज नाही, वसुली नाही, मुलखात न्यायनिवाडा नाही. भोसल्यांपैकी पहिले राजे एकोजी यांनी १६७६ साली इथे मांडलेला कारभार सव्वाशे वर्षांच्या आत असा गुंडाळला गेला.

तो गुंडाळला कसा, हे समजून घेतल्याशिवाय ओरत्तनाडूचे छत्र कळत नाही. तंजावर लढाईत कमी आणि हिशेबाच्या वहीत जास्त हरले. कावेरीच्या पाण्यावर पिकणारा हा प्रांत आर्काटच्या नवाबाला हवा होता, नवाब कंपनीच्या माणसांच्या कर्जात बुडालेला होता, आणि त्या सावकारांना वसुलीसाठी पिकाऊ जमीन लागत होती. १७७३ साली कंपनीच्या फौजेने तंजावर जिंकून नवाबाच्या हातात दिले. तंजावरचे राजे तुळजाजी कैदेत गेले. १७७६ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी लंडनच्या हुकमाने राज्य परत केले, तेव्हा कंपनीचाच एक नोकर पॉल बेनफिल्ड पुढे आला आणि तंजावरच्या वसुलावर आपले सव्वादोन लाख पौंडांहून जास्त येणे आहे म्हणाला. पगार किरकोळ आणि येणे लाखांचे! पिगट यांनी दावा मान्य केला नाही. कौन्सिलातल्या विरोधकांनी चक्क गव्हर्नरालाच अटक केली आणि १७७७ साली ते कैदेतच वारले. पुढे १७८५ साली एडमंड बर्क यांनी ब्रिटिश पार्लमेंटात आर्काटच्या नवाबाच्या या कर्जांवर घणाघाती भाषण केले, पण मुद्दल-व्याजाची गाडी थांबली नाही. मधल्या काळात, १७८१ साली, म्हैसूरच्या हैदरअलीच्या स्वारीने प्रांत उजाड झाला होता तो वेगळाच.

या सगळ्याच्या शेवटी सरफोजी गादीवर आले. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढलेले, इंग्रजी जाणणारे, ग्रंथांचे वेडे. त्यांनी बंड केले नाही. करण्याजोगे बळही नव्हते आणि, खरे सांगायचे तर, तसा पिंडही नव्हता. त्यांनी पत्र लिहिले.

१८०१ साली कंपनीचा तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला धाडलेल्या या पत्रात छत्रांची व्यवस्था आपल्याच हाती राहावी, असा राजांचा आग्रह आहे. त्यातला तपशील वाचण्यासारखा आहे. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांत ब्राह्मणापासून परयापर्यंत येईल त्याला अन्न मिळते, जोगी, जंगम, बैरागी सगळ्यांना. शिजवलेले चालत नसेल त्याला शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून कुणी उपाशी राहिले आहे का, असा पुकारा होतो. वैद्य आहेत, सापा-विंचवावरचे उपाय जाणणारेसुद्धा. परक्या मुलखातल्या अनाथ मुलांना पंतोजीच्या स्वाधीन करतात, तीन वेळा जेवू घालतात आणि दर चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालतात. तान्ह्यांना दूध, बाळंतिणींची सोय. तंजावरची कीर्ती या दानधर्मावर आहे आणि आपल्याला हीच कीर्ती सर्वांत मोलाची, असा पत्राचा सूर आहे. कंपनीने ऐकले. छत्रे आणि त्यांना लावून दिलेली गावे राजाकडे राहिली.

वरवर ही अर्जी दिसते. पण तिच्यात राज्य म्हणजे काय याचे एक उत्तर आहे. कंपनीच्या लेखी मुलूख म्हणजे वसूल. सरफोजींच्या लेखी वाटसरू उपाशी झोपणार नाही ही हमी ज्याची, तो राजा. फौज आणि खजिना सोडून दिल्यावर त्यांनी नेमके काय धरून ठेवले, ते पाहावे. त्याच सुमारास, १८०३ साली, त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. वंश दगडावर आणि धर्म पंगतीत अशी त्यांची तजवीज होती.

इथे एक काटाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. छत्राचा तांदूळ आकाशातून पडत नव्हता. तो लावून दिलेल्या गावांतल्या कुळांच्या घामाचा होता. सगळ्यांना अन्न होते, पण एका पंगतीला बसून नव्हे. तंजावरच्या धर्मराज्याचे गोडवे गाताना भातशेतीत राबणाऱ्या दलित मजुराला काय वाटत असेल, हा प्रश्न पुढे याच जिल्ह्यात फार तीव्र झाला.

१८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे मागे मुलगा नसताना वारले. संस्थान खालसा झालेच, शिवाय १८ ऑक्टोबर १८५६ रोजी फोर्ब्स नावाच्या कमिशनरने शिपाई आणून राजवाडा ताब्यात घेतला आणि खासगी चीजवस्तूंनाही मोहरा ठोकल्या. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही जप्ती सार्वभौम सत्तेची कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याचा अधिकार कोर्टाला नाही, असे त्यांनी सांगितले. कायद्याचे राज्य म्हणून ज्याची जाहिरात चालली होती त्याची हद्द कुठे संपते, हे तंजावरच्या एका विधवेने कागदावर लिहून घेतले, असेच म्हणायला हवे. खासगी मालमत्ता १८६२ साली परत मिळाली, पण मेहेरबानी म्हणून. गंमत अशी, की स्वतंत्र भारताच्या सुप्रीम कोर्टानेही १९५८च्या दालमिया दादरी खटल्यात हेच तत्त्व उचलून धरले.

हक्क आणि मेहेरबानी यांतला हा फरक मद्रासेतल्या शिकलेल्या पिढीच्या पक्का ध्यानात आला. त्यात तंजावर-कुंभकोणमकडची मराठी घराणी होती. दिवाणबहादूर रघुनाथराव त्यांतलेच, सर टी. माधवरावांचे आप्त आणि इंदूरचे दिवाण. डिसेंबर १८८४मध्ये त्यांच्या मद्रासच्या घरी सतरा जण जमले आणि राष्ट्रव्यापी सभेची कल्पना तिथे निघाली, असे अ‍ॅनी बेझंट यांनी लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी मुंबईत काँग्रेस भरली.

आणि मग १९३०. मिठाच्या सत्याग्रहासाठी राजगोपालाचारी (राजाजी) शंभरेक स्वयंसेवक घेऊन १३ एप्रिलला तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमला निघाले. त्यांचा मार्ग तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडीवरून गेला, ओरत्तनाडू त्यावर नव्हते. पण जिल्हा हाच. तंजावरचे कलेक्टर जे. ए. थॉर्न यांनी जाहीर केले की या लोकांना जो अन्न किंवा आसरा देईल त्याला सहा महिन्यांची कैद आणि दंड. अन्नछत्रांच्या जिल्ह्यात जेवू घालणे गुन्हा ठरले! थॉर्न हुशार अधिकारी होते, पण कोणत्या मुलखात हा हुकूम काढतो आहोत याचा त्यांना अंदाज आला नाही. लोकांनी रस्त्याकडेच्या झाडांना जेवणाच्या पुरचुंड्या बांधून ठेवल्या. काहींनी उघडपणे पाहुणचार केला आणि तुरुंगात गेले. २८ एप्रिलला जथा वेदारण्यमला पोचला, ३० तारखेला राजाजींना अटक झाली. पोलिसांवरच्या रागापोटी एका न्हाव्याने तर एका पोलिसाची दाढी अर्ध्यावर सोडली, असे तिथले लोक अजून सांगतात.

सरफोजींचे पत्र आणि झाडाला बांधलेली पुरचुंडी यांत सव्वाशे-एक वर्षांचे अंतर आहे आणि मोठा फरकही. तिथे राजा जेवू घालत होता, इथे ज्याच्या घरी जे होते ते त्याने दिले. वाढणारे हात बदलले ते इथे. या सत्याग्रहाला हात देणारी वेदारण्यमच्या सरदार वेदरत्नम पिळ्ळैंसारखी माणसे कुठल्या गादीची नव्हती.

छत्रांचा कारभार आज कलेक्टरच्या अखत्यारीत आहे, त्यासाठी तहसीलदारही वेगळा. छत्राचे मोडीतले हिशेब पाहायचे तर तंजावरला परतून सरस्वती महालातच जावे लागते. इमारत पाहायला सकाळची वेळ बरी. येताना रामेश्वरचा जुना रस्ता कुठून जात होता हे विचारा. चहाच्या टपरीवरचा म्हातारा बोटाने दिशा दाखवतो आणि ‘सत्तिरम’, म्हणजे छत्र, एवढाच एक शब्द म्हणतो.