गुळवेलीच्या आतले रहिवासी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या रानात गुळवेल कडुनिंबावर चढते, आंब्यावर चढते, कुंपणाच्या काट्यांवरही पसरते. कडुनिंबावरची गुळवेल अधिक गुणाची, असे वैद्य पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. औषधी कोणत्या जमिनीतून घ्यावी, यासाठी सुश्रुतसंहितेत स्वतंत्र अध्याय आहे. वेल तीच, मग गुण कशाने बदलतो? माती, पाऊस, काढणीचा हंगाम ही जुनी उत्तरे आजही खरी आहेत. त्यांत आता आणखी एकाची भर पडली आहे: वनस्पतीला आजारी न पाडता तिच्या पेशींमधल्या फटींत राहणारे जीवाणू.

यांतले बरेचसे मातीतून येतात. नवे उपमूळ साल फोडून बाहेर पडते, तिथल्या जखमेतून ते आत शिरतात. काही बियांतून पुढच्या पिढीत जातात. त्यांना शोधायचे तर खोड अल्कोहोल व सोडियम हायपोक्लोराइटने धुवून बाहेरचे जंतू मारतात आणि आतला गर वाटून आगरच्या बशीत पसरतात. शेवटच्या धुण्याचे पाणीही वेगळ्या बशीत घालतात. त्यात काही उगवले तर प्रयोग बाद.

आत राहून ते करतात काय? काही वाढीची संप्रेरके बनवतात, काही लोह मिळवून देतात, तर काही इथिलीनचा कच्चा माल मोडून झाडाला दुष्काळ सोसायला मदत करतात. शिवाय त्यांच्या वावराने झाडाची संरक्षणव्यवस्था जागी राहते. अल्कलॉइडे आणि टर्पेनॉइडे ही त्याच व्यवस्थेची अस्त्रे आहेत आणि आपण त्यांनाच औषध म्हणतो. लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी सदाफुलीत तिच्यातलेच निवडक जीवाणू पुन्हा सोडले, तेव्हा विंडोलिनसारखी अल्कलॉइडे वाढली. हे काम 2013 मध्ये प्रसिद्ध झाले.

गुळवेलीच्या ग्राहकाने लक्ष द्यावे असे उदाहरण मात्र अमेरिकेतले आहे. तिथे गुळवेलीसारखीच एकिनेशिया ही वनस्पती प्रतिकारशक्तीसाठी घेतात. मिसिसिपी विद्यापीठातील गटाने 2008 मध्ये दाखवले, की प्रयोगशाळेत प्रतिकारपेशींना चेतवण्याची तिची ताकद नमुन्यागणिक बदलते आणि हा फरक मुख्यतः झाडातल्या जीवाणूंच्या लिपोप्रोटीन व लिपोपॉलिसॅकराइडांमुळे पडतो. म्हणजे श्रेय झाडाचे मानले, आणि त्यातला मोठा वाटा भाडेकरूंचा निघाला!

मग झाडातले जीवाणू आणि तशाच आत राहणाऱ्या बुरश्या टाकीत वाढवून रान सोडून द्यावे का? सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाने याचे उत्तर दिले आहे. कर्करोगावरच्या औषधांचा पाया असलेले कॅम्प्टोथेसिन 1966 मध्ये चिनी झाडात सापडले, पुढे नरक्यातही, आणि नरक्यावर कुऱ्हाड चालली. 2005 मध्ये त्याच्या आतल्या एका बुरशीतही ते मिळाल्याचे प्रसिद्ध झाले आणि आशा वाढली. पण झाडाबाहेर वाढवलेल्या अशा बुरश्यांचे उत्पादन पिढीगणिक घटत जाते, असे नंतरच्या संशोधनात दिसले. झाड आणि त्याचे रहिवासी यांची जोडी तोडून भागत नाही.

शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन या सरकारी योजनेच्या केंद्रामार्फत कोरोनाकाळात मोठ्या औषध कंपन्यांकडून गुळवेलीच्या दीड कोटीहून अधिक रुपयांच्या मागण्या मिळवल्या. हे कर्तृत्व मोठे आहे, पण वनोपजाचा हमीभाव अजून किलोवरच ठरतो. वेल कोणत्या झाडावरची, कोणत्या मातीतली, कोणत्या महिन्यात कापलेली, याची नोंद पोत्यावर हवी. कस तपासून चांगल्या मालाला चढा भाव द्यायला हवा. जवळच्या महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी ही तपासणी हाती घ्यावी. बशा आणि आगर त्यांच्याकडे आहेतच. आणि कापणाऱ्याने बुंधा व मूळ जमिनीत राखून वरची वेल तेवढी घ्यावी.