चित्रफीत आणि चिमुकले डोळे

डिचोली तालुक्यातील कारापूरसारख्या गावातही आज आरोग्याचा सल्ला प्रथम मोबाइलवरच येऊन धडकतो. मुलाच्या डोळ्यांत मध घाला, अमुक व्यायाम करा, चष्मा सुटेल, असे सांगणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर बेधडक फिरत आहेत. मध निर्जंतुक नसतो आणि व्यायामाने लांबलेला नेत्रगोल आखूड होत नाही, हे त्यांत कोणी सांगत नाही. खरी हानी होते ती दवडलेल्या काळाने. एका डोळ्याचा नंबर किंवा तिरळेपणा वेळीच सुधारला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. या ‘आळशी डोळ्या’वरील उपचार साधारण ७-८ वर्षांच्या वयापर्यंतच उत्तम साधतात. मूल तक्रार करीत नाही. दुसऱ्या डोळ्यावर त्याचे निभावते. बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास तर विलंब नकोच. ती मोतीबिंदूची वा कर्करोगाचीही खूण असू शकते.

मोबाइलवरील सारेच त्याज्य नाही. मुलांनी रोज उघड्यावर खेळावे, हा सल्ला शास्त्रशुद्धच आहे. परंतु सल्ला म्हणजे तपासणी नव्हे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांच्या दृष्टीची तपासणी अंतर्भूत आहे. पालकांनी तिचा लाभ घ्यावा. शंका आल्यास साखळी वा डिचोलीचे आरोग्य केंद्र गाठावे. चित्रफीत पुन्हा पाहता येते. मुलाचे ते वय परत येत नाही.