एक बिल्डिंग, दोन शाळा

समजा, तुमच्या कॉलेजला दोन गेट आहेत. एकातून तुम्ही जायचं, दुसऱ्यातून तुमच्याच गल्लीतला मित्र. कारण काय, तर त्याचा समाज वेगळा! इतिहासाची पुस्तकंही वेगळी. गंमत नाही हं, बोस्नियात अशा शाळा खरंच आहेत. एकाच इमारतीत बॉस्नियाक मुलांची वेगळी, क्रोएट मुलांची वेगळी.

१९९५च्या डेटन करारानं तिथलं युद्ध थांबलं आणि ओएससीई, म्हणजे युरोपातल्या सुरक्षा व सहकार्य संघटनेचं मिशन देशात आलं. १९९६ची निवडणूक त्यांनीच घेतली. मतपेट्यांचं जमलं, पण वर्गांचं काय? शाळा कॅन्टनच्या, म्हणजे प्रांतिक सरकारांच्या हातात. मिशननं फक्त पाहायचं, मोजायचं, दोन्ही बाजूंना चर्चेला बसवायचं. हुकूम सोडायची सोयच नाही. २०१८च्या त्यांच्या अहवालात २८ ठिकाणी अशा ५६ शाळा आहेत.

मग हे सगळं फुकट? तसं वाटत असेल तर यायत्से गावातल्या तुमच्याच वयाच्या पोरांचं ऐका. तिथे दोन्हीकडची मुलं एकत्र शिकत होती. २०१६मध्ये कॅन्टननं बॉस्नियाक मुलांसाठी वेगळी शाळा काढायचा घाट घातला. पोरं रस्त्यावर उतरली. मागणी एकच, आम्हाला वेगळं करू नका. २०१७मध्ये बेत बारगळला. पुढच्या वर्षी त्यांना ५० हजार युरोंचा मॅक्स व्हॅन डर स्टूल पुरस्कार मिळाला.

त्याच कॅन्टनमधल्या ट्राव्हनिकच्या जुन्या शाळेत मात्र अजून दोन शाळा भरतात.